फुक्सबेर्गवरचा टेबलक्लॉथ

टेबलक्लॉथवर कॉफी सांडली तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि हार्टविगच्या आखणीत कॉफी सांडायला जागा ठेवलेली नव्हती.

बाकी सगळ्याला होती. फुक्सबेर्गच्या टेकडीवरच्या मनोऱ्याची किल्ली गेली एकोणीस वर्षं त्याच्याकडे होती. दर रविवारी तो जंगलातून वर जायचा, मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या चढायचा आणि झेंडा लावायचा. खाली काल्टनबाख गावात झेंडा दिसला की लोक काठ्या घेऊन निघत. गच्चीवरून डोंगर बघायचे आणि पायथ्याच्या खोलीत कॉफी-केक खाऊन उतरायचं. केक रोझविटाचा, म्हणजे हार्टविगच्या बायकोचा. त्यामुळे तिचा रविवार शनिवारी दुपारीच सुरू व्हायचा आणि तिच्या वाट्याची कॉफी कायम गार असायची.

महिन्यापूर्वी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली होती, "लग्नाला चाळीस वर्षं होतायत आपल्या."

"सोळा सप्टेंबर. बुधवार येतो," हार्टविग म्हणाला. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस तो. तारीख, वार, अंतर, कोन यांत त्याला कुणी पकडू शकत नसे.

"मला मनोऱ्यावर जायचंय. पाहुणी म्हणून. कॉफी तू ओतायची, केक तू वाढायचा. आणि तिथं तिसरं माणूस नको."

"हात्तिच्या! एवढंच?"

"एवढंच. आणि एवढंही जमलं नाही ना, तर गुरुवारी सकाळी ती किल्ली गुंडोल्फच्या टेबलावर नेऊन ठेवायची."

गुंडोल्फ हा गिरिभ्रमण मंडळाचा अध्यक्ष. एकोणीस वर्षं त्याचा डोळा किल्लीवर होता. हार्टविगने त्या दिवशी जेवण झाल्याबरोबर कागद पुढे ओढला. मंडळाचा बुधवारचा गट त्या दिवशी विरुद्ध दिशेला, जुन्या पाणचक्कीकडे जाणार होता. शेजारच्या टापर्टबाई, ज्यांच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नसे, दोन वाजता पायाच्या डॉक्टरकडे जाणार होत्या. केक त्याने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः केला, सफरचंदाचा. मधोमध थोडा बसला, पण गोल अगदी काटेकोर.

आणि बुधवारी ते खरोखरच वर होते. गच्चीवरच्या टेबलावर रोझविटाने आईने भरतकाम केलेला लाल लिननचा टेबलक्लॉथ अंथरला. चारी बाजूंना बीचच्या झाडांचं जंगल, आणि कुणी म्हणजे कुणी नाही.

"किती शांत आहे रे," रोझविटा म्हणाली. तिने बूट काढले आणि पाय लांब केले.

हार्टविगचा ऊर भरून आला. "आणि ते बघ, ते निळं टोक! एकेचाळीस किलोमीटर," असं म्हणून त्याने हात लांबवला. टोक एकेचाळीस किलोमीटरवर होतं, पण कप कोपराजवळ होता.

"आईचा टेबलक्लॉथ आहे तो," रोझविटा हळूच म्हणाली. हार्टविगच्या अनुभवात हळू आवाज हा सगळ्यात वाईट.

तो टेबलक्लॉथ घेऊन एकशे बारा पायऱ्या उतरला, पावसाच्या पाण्याच्या पिंपात त्याने डाग ताजा असतानाच धुतला, पिळला आणि धापा टाकत वर आला. "डाग गेला. वाराही चांगला आहे. तासाभरात वाळेल. फक्त दोरी पाहिजे."

मनोऱ्यावर दोरी एकच होती.

"अरे, झेंड्याची दोरी ती," रोझविटा म्हणाली. "खालून दिसेल ना."

"दिसू दे की. आज बुधवार आहे. बुधवारी कोण येतंय?" आणि त्याने टेबलक्लॉथ सरसर वर चढवला. मंडळाचा झेंडाही लालच. वाऱ्यावर टेबलक्लॉथ त्याच्याहून जास्त शोभत होता.

पस्तीस मिनिटांनी खालून काठीचा टकटक आवाज आला.

"हार्टविग! अरे ए हार्टविग! कॉफी तयार आहे का?"

ब्याऐंशी वर्षांच्या टापर्टबाई लालबुंद चेहऱ्याने मनोऱ्याच्या दारात उभ्या होत्या. हार्टविग धावत खाली आला.

"तुम्ही? तुम्हाला पायाच्या डॉक्टरकडे जायचं होतं ना?"

"फोन केला त्याला. म्हटलं, झेंडा लागलाय, आज यायची नाही. इथवर चढून आलेत म्हणजे पाय बरेच असणार. डॉक्टर कशाला हवा मग?"

"पण टापर्टबाई, आज मनोरा बंद आहे. बुधवार आहे."

"असेल. पण तुझा नियम काय म्हणतो?"

बसथांब्यावरच्या पाटीवर मनोऱ्याचे तीन नियम होते आणि तिन्ही त्यानेच लिहिलेले होते. पहिला नियम: झेंडा वर असेल तर मनोरा उघडा आहे, वार कोणताही असो; येईल त्याला कॉफी आणि केक मिळेल. गुंडोल्फला तिथे 'रविवारी' असा शब्द हवा होता. 'वार कोणताही असो' या तीन शब्दांसाठी हार्टविग सभेत दोन तास भांडला होता. लोकांनी कॅलेंडरकडे नाही, झेंड्याकडे बघावं, असं त्याचं म्हणणं. लोकांनी ते मनावर घेतलं होतं.

रोझविटा केक आणि टोपली घेऊन खाली आली. केकचा पाव भाग कुठे दिसत नव्हता, पण ते विचारायची ही वेळ नाही एवढं हार्टविगला कळत होतं. त्याने सुरी उचलली, तेवढ्यात रानातून गाणं ऐकू आलं. बुधवारचा गट. पुढे गुंडोल्फ, मागे दहा जण.

"पाणचक्कीकडे निघालो होतो," गुंडोल्फ टोपी काढत म्हणाला. "अर्ध्या वाटेत झेंडा दिसला. तिथंच मतदान घेतलं. अकरा विरुद्ध शून्य. बुधवारी कसा काय उघडलात, हार्टविग?"

"ते जरा... वाळत घातलंय."

"काय?"

"झेंडा. धुतलाय."

"वा! बरं, वार कोणताही असो. शब्द तुमचेच. माझ्या कॉफीत दूध जास्त घाला."

बारा पाहुणे आणि पाऊण केक. हार्टविगने मनातल्या मनात हिशेब केला आणि बरोबर साडेबावीस अंशांचे तुकडे पाडले. शेवटचा तुकडा बशीत पडतो न पडतो तोच दोन सायकलवाले आले. मग पोस्टातली बाई आली, मग एक कुटुंब आलं. तुकडे अर्धे झाले, मग पाव झाले. कुटुंबाबरोबरच्या कुत्र्याला अंश मोजता येत नव्हते; त्याने एक अख्खी बशी साफ केली.

"माझ्या तुकड्यातून पलीकडचं दिसतंय रे," टापर्टबाई म्हणाल्या.

हार्टविगने वळून पाहिलं. रोझविटा खुंटीवरचा एप्रन काढून बांधत होती. एकोणीस वर्षं बांधत होती तसाच, मागे न बघता, दोन गाठी. त्याला त्यातली प्रत्येक गाठ ऐकू आली.

"तू बस," तो म्हणाला. "तू पाहुणी आहेस."

"हो का? कप कोण धुणार? ते निळं टोक?"

आता एकच उपाय होता. टेबलक्लॉथ उतरवायचा, म्हणजे निदान आणखी कुणी यायचं नाही. हार्टविग पुन्हा वर धावला आणि त्याने दोरी खेचली. टेबलक्लॉथ झोकात निम्म्यापर्यंत आला आणि त्याचा कोपरा वीजरोधकाच्या तारेच्या बोल्टमध्ये अडकला. वर जाईना, खाली येईना. जोर लावला तर फाटणार, आणि सासूबाईंचं भरतकाम फाडण्यापेक्षा हार्टविगने मनोऱ्यावरून उडी घेणं पसंत केलं असतं.

तो तसाच उभा राहिला, निम्म्यावर फडफडणाऱ्या टेबलक्लॉथकडे बघत. मग त्याला तिसरा नियम आठवला: झेंडा अर्ध्यावर असेल तर कुणाला तरी इजा झाली आहे; मदत पाठवावी.

एकोणीस वर्षांत या नियमाची गरज पडली नव्हती. नीट चालतो की नाही, अशी त्याला अधूनमधून शंकाही येत असे. खालच्या गावात अग्निशमन दलाचा भोंगा वाजला. नियम चालत होता.

पंचवीस मिनिटांनी जंगलातल्या रस्त्याने दोन गाड्या वर आल्या, आणि काय झालं ते बघायला गाड्यांच्या मागोमाग उरलंसुरलं गाव आलं. दलाचा प्रमुख डेटलेफ, जो एरवी गावात पाव भाजायचा, स्ट्रेचर घेऊन धावत आत शिरला. हातावर अजून पीठ होतं.

"जखमी कुठाय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या हातात कप होते.

"जखमी नाही?" गुंडोल्फने कप खाली ठेवला. त्याच्या आवाजात एकोणीस वर्षांचा संयम होता. "मग ही खोटी सूचना झाली. सभेत विषय घ्यावा लागेल. किल्लीसकट."

"मला फॉर्म भरावा लागतो हो," डेटलेफ केविलवाणा झाला. "दोन गाड्या, बारा माणसं. कारण काय लिहू? कुणाला काही तरी झालंच असेल ना? जरा आठवा."

हार्टविगने खिशातली किल्ली चाचपली. ती देऊन टाकावी असं त्याने ठरवलंही. तेवढ्यात रोझविटाने एप्रन सोडला, घडी घालून गुंडोल्फच्या हातात दिला, टेबलाखालची आपली टोपली उचलली आणि ती स्ट्रेचरवर जाऊन बसली.

"मला झालंय."

"काय होतंय, रोझविटाबाई?"

"दमलेय."

"कधीपासून?"

"एकोणीस वर्षं. लिहा तसं."

डेटलेफने 'अतिशय थकवा, जुना' असं लिहिलं आणि तो पहिल्यांदाच हसला. "नातेवाईक बरोबर कोण येणार?"

"हा," रोझविटा हार्टविगकडे बोट दाखवत म्हणाली आणि आडवी झाली. तिला घोंगडी पांघरवून गाडीत ठेवण्यात आलं. किल्ली खिशातच राहिली. जखमी होती, नियम पाळला गेला होता, आणि एप्रन हातात आल्यावर गुंडोल्फला कप धुणं भाग होतं.

डेटलेफने दोघांना घराच्या फाटकाशी सोडलं आणि गाडी तशीच वळवली. बुधवारी संध्याकाळी दलाचा सराव असतो आणि सरावासाठी आणलेले सॉसेज दुसऱ्या गाडीत होते. वर शेगडी पेटली असणार.

अंगणातल्या बाकावर दोघं बसली. टापर्टबाईंचा पडदा हलला नाही. रस्त्यावर माणूस नव्हतं, सायकल नव्हती, कुत्रं नव्हतं. सगळं गाव वर होतं. रोझविटाने बूट काढले, पाय लांब केले आणि टोपलीतून थर्मास काढला. मग रुमालात गुंडाळलेले केकचे दोन तुकडे. हार्टविगने नुसत्या नजरेने ओळखलं: पंचेचाळीस अंशांचे.

"हे कधी कापलेस?"

"टापर्टबाईंची काठी ऐकू आली तेव्हा. ओत कॉफी."

त्याने ओतली. कोपर सांभाळून. कॉफी अजून गरम होती. तिने दोन्ही हातांत कप धरला आणि एक घोट घेतला. दूर टेकडीवर निम्म्यावर अडकलेला लाल ठिपका हलत होता.

"उद्या सकाळी वर जाऊन तो आईचा टेबलक्लॉथ नीट सोडवून आण," ती म्हणाली. "शिडी घेऊन."

"आणि किल्ली? गुंडोल्फकडे..."

"वेडा आहेस का? किल्ली कामाची आहे. पुढच्या वर्षी आपण घरीच थांबायचं. तू फक्त सकाळी वर जा, झेंडा लाव आणि मागच्या वाटेने गुपचूप परत ये."

हार्टविगने क्षणभर डोळे मिटून हिशेब केला. "पुढच्या वर्षी गुरुवार येतो."

"वार कोणताही असो," रोझविटा म्हणाली आणि तिने केक तोंडात टाकला.