रानमेथीचा खुलासा

माझ्या मजकुरावर खुलासा छापायची वेळ आमच्या संपादकांवर कधी आलेली नव्हती. निपाणीहून वार्ताहर म्हणून मी जे पाठवतो, ते दोनदा तपासलेलं असतं. अमुक माणूस वारला असं कुणी सांगितलं, तर मी आधी त्याच्याच घरी फोन लावतो. एकदा तो त्यानं स्वतःच उचलला, तेव्हापासूनची ही सवय.

त्यामुळे जांबोटी रस्त्याकडेच्या पिवळ्या फुलांच्या रोपट्याचा फोटो रविवारच्या पुरवणीत दिला आणि खाली ‘रानमेथी’ असं लिहिलं, तेव्हा मी निर्धास्त होतो. सोमवारी सकाळीच कडोलीहून मारुतीरावांचा फोन आला. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमचा पेपर हातात लाल पेन घेऊनच वाचतात.

“अण्णा, ती रानमेथी न्हाय, आंबुटी हाय. तीन पानं आणि पिवळं फूल बघून फसलासा.”

तीन पानं दोघींना असतात, फुलंही दोघींची पिवळी. आणि फोटो लांबून काढल्यामुळे त्यात फुलाचा नुसता ठिपका उरला होता. मी तडक जांबोटी रस्ता गाठला, तर म्हशींनी ती जागा घासूनपुसून साफ केलेली. मग तिथली वरची माती खरवडून पिशवीत भरली. बी त्यात असणारच! संपादकांना सांगितलं, कुंडीत वाढवतो, फुलावर आलेलं रोप तुमच्या टेबलावर आणून ठेवतो. रानमेथीची फुलं बारीक तुऱ्यानं लोंबतात, आंबुटीचं फूल पाच पाकळ्यांचं, सुटं. वादच मिटेल. ते म्हणाले, तोवर थांबतो. पण खुलासा लिहून ठेवतो.

गच्चीवरच्या कुंड्यांत रोपं आली. तीन-तीन पानांची, एसएससीला पहिल्या आलेल्या पोरासारखी ताठ. आता कळी धरणार, तोच एका सकाळी बघतो तर कुंड्यांत नुसते दांडे.

खाली आक्का, म्हणजे माझी आई, भाजी परतत होती. आम्ही जैन, आमच्या घरात अष्टमी-चतुर्दशीला हिरवं खात नाहीत. म्हणून आदल्या दिवशी घरातलं होतं नव्हतं ते हिरवं संपवायचं, असा रिवाज. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. निदान चवीवरून तरी उलगडा होईल, म्हणून मी घास घेतला. आंबुटी आंबट लागते. पण आक्कानं भाजीत सढळ हातानं चिंच घातली होती.

ही भाजी नाही, हिला फुलं येऊ द्यायची आहेत, असं मी तिला शांतपणे समजावलं.

“मग आधी सांगायचं रं,” आक्का म्हणाली. “फुलं येस्तोवर भाजी ठेवतंय कोण?”

दांड्यांना पुन्हा पालवी फुटली. अष्टमीच्या आदल्या दिवशी मी नगरपालिकेच्या सभेला गेलो होतो. आक्कानं शब्द पाळला, कुंड्यांकडे फिरकलीसुद्धा नाही. भाजी माझ्या बायकोनं, चंदनानं काढली. आणि ती कुठलंही काम अर्धवट सोडत नसल्यामुळे मुळासकट काढली.

“तुम्ही आईंना नको म्हणालात,” ती म्हणाली. “मला कुठं काय म्हणालात?”

त्या रात्री मी जेवलो नाही. संपादकांना काय तोंड दाखवायचं, याचा विचार करत पडून राहिलो.

पण काही दिवसांनी कुंड्या पुन्हा हिरव्या झाल्या. ‘रानमेथी भलतीच चिवट असते,’ असं मी संपादकांना कळवलं. पुढच्या अष्टमी-चतुर्दशीच्या आदल्या दिवशी कुणी हात लावला नाही. अखेर फूल आलं. नव्या नवरीला सांभाळावं तशी कुंडी मांडीवर घेऊन मी एसटीनं बेळगावला गेलो. कॅम्पातल्या आमच्या कार्यालयात मारुतीरावांनाही बोलावून घेतलं होतं.

त्यांनी चष्मा लावला. एक पान खुडलं, चुरगाळलं, हुंगलं.

“अण्णा, ही आंबुटी न्हाय.”

मी संपादकांकडे पाहिलं.

“रानमेथी बी न्हाय. ही नुसती मेथी. लाडवात घालत्यात ती.”

मी तिथूनच घरी फोन लावला.

“मग काय करू?” आक्का म्हणाली. “जेवला न्हाईस, तोंड एवढंसं झालतं. डब्यातली मूठभर टाकली कुंडीत. आली का न्हाय फुलं?”

संपादकांनी खण उघडून खुलाशाचा कागद काढला. मंगळवारी दुसऱ्या पानावर छापून आलं: ‘छायाचित्रातील वनस्पती रानमेथी नसून आंबुटी आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ त्याचंही प्रूफ मी दोनदा तपासलं.

पंधरवड्यानं मारुतीरावांचा फोन आला. भाच्याच्या साखरपुड्याला जांबोटीकडे निघाले होते. वाटेत मुद्दाम गाडी थांबवून त्यांनी ती जागा पाहिली. म्हशींनी खाल्लेलं सगळं पुन्हा फुटून फुलावर आलं होतं. ते आधी खाकरले.

“तुरं लोंबत्यात की वो,” ते म्हणाले. “रानमेथीच हाय. तुमचं बरोबर हुतं.”

मी ताबडतोब संपादकांना कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की एका गवताला पेपरात तिसऱ्यांदा जागा मिळणार नाही.

तेव्हा आमच्या पेपरापुरती तरी जांबोटी रस्त्याला आंबुटीच उगवते.