येणारा माणूस

खरं सांगतो, हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. कॅनडातल्या आमच्या सास्काटूनमध्ये प्रोकीची गोष्ट माहीत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि ज्याला माहीत आहे तो दुसऱ्याकडून ऐकून घेत नाही. परवा कॉफीच्या रांगेत विषय काढून बघितला. पुढचा गडी लगेच वळला, "अरे, मी होतो ना त्या दिवशी! काय केस उडत होते!"

मग म्हटलं, लिहावंच लागणार.

प्रोकी म्हणजे डॅरियन प्रोकोपचुक. आम्ही दोघं हॅझेल क्रीक गावचे. त्याच्या शेतामागचं तळं गोठलं की शाळा सुटल्यावर थेट तिकडे. दोन बूट ठेवले की झाला गोल. गोल राखायला मी, कारण मला स्केटवर नीट उभं राहता यायचं नाही. तो असा यायचा की पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, माझ्या पायांमधून कधी गेला ते मला मागे वळल्यावर कळायचं. पुढे तो देशातला सगळ्यात भारी पोरगा ठरला आणि मी स्केटला धार लावायला शिकलो. दोघांनाही नोकरी एकाच संघाने दिली. सास्काटून मॅगपाईज.

बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये एक दयाळू नियम आहे. जो संघ शेवटी येतो त्याला नव्या पोरांमधून पहिली निवड करायला मिळते. मॅगपाईजनी या नियमाचा फार मनापासून अभ्यास केला होता. दर वर्षी आम्ही शेवटी यायचो, दर वर्षी एक तारणहार आणायचो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा शेवटी यायचो. या वर्षीचा तारणहार प्रोकी.

पहिल्या सामन्याची एक रीत असते. सामन्याआधी सरावाला संघ बर्फावर उतरतो तेव्हा नव्या पोराला सगळ्यांत पुढे उभं करतात. "चल चल, तू हो पुढे!" म्हणून ढकलतात. तो बिचारा जोरात निघतो, आणि मागून कोणी येतच नाही. सगळे बर्फाकडे येणाऱ्या बोगद्यात उभे राहून खिदळतात. पोरगा एकटाच, बिनहेल्मेटचा, हजारो लोकांसमोर एक चक्कर मारतो. लाजतो, हसतो, आणि मग संघाचा होतो. एवढीच थट्टा. एकदाच होते, म्हणून तर गोड.

प्रोकी निघाला. अर्ध्या वाटेवर त्याला कळलं. कान लाल झाले, पण थांबला नाही. उलट असा पळाला, की त्याच्या आजीसारखे ते सोनेरी केस मागे झेंड्यासारखे फडफडले. लोक उभे राहिले. माझ्या शेजारचा पॉपकॉर्नवाला रडला.

नंतर सामना होता, तो काही रडण्यासारखा नव्हता, म्हणजे होता, पण रोजचाच. प्रोकीची पहिली शिफ्ट, म्हणजे बर्फावरची पहिली पाळी, टीव्हीवर नीट दिसावी म्हणून जाहिराती संपेपर्यंत त्याला बाकावर थांबवलं. जाहिराती संपल्या तोवर आमच्यावर पाच गोल झाले होते. मग वरून निरोप आला, की अशा वातावरणात पदार्पण करणं औचित्याला धरून होणार नाही. पुढच्या सामन्यात बघू.

पुढच्या सामन्यात प्रश्न उभा राहिला. तो अजून खेळलेला नाही, म्हणजे तो नवाच. नवा आहे, तर रीत आहे. रीत आहे, तर चक्करही आलीच. तिकिटं एका सकाळीत संपली.

तिथून क्लबने 'आगमन विभाग' काढला. विभागप्रमुख ब्लेअर वेदरबी. बाई फार गोड. कोणाला कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्यांनी थट्टेची कार्यपद्धती ठरवली. बोगद्यात खिदळायचं कसं, कोणी आधी, कोणी नंतर, याचा मंगळवारी सराव. आमचा कॅप्टन ड्युबेस, बारा वर्षं दात पाडून घेतलेला माणूस, त्याला खिदळणं जमेना. "मोकळं हसा," ब्लेअर म्हणायच्या, "उत्स्फूर्त वाटलं पाहिजे. परत एकदा." तिसऱ्या आठवड्यात ड्युबेसचा जबडा आखडला आणि तो दोन सामने बाहेर बसला. दुखापतीच्या रकान्यात 'वरचं शरीर' असं लिहिलं.

प्रोकीला चकित होण्याचं वेगळं प्रशिक्षण. अर्ध्या वाटेवर मागे बघायचं, भुवया वर, मग लाजायचं. कान लाल व्हायला वेळ लागायला लागला, तेव्हा बोगद्यात एक हीटर आणून ठेवला.

मग महापौर आले. त्यांनी चक्कर संपल्यावर गव्हाच्या ओंब्यांचा गुच्छ दिला. पुढच्या वेळी शेजारच्या गावाचे महापौर रुसले म्हणून ते आले. डोनटवाल्यांनी चक्कर पुरस्कृत केली, तेव्हापासून तिचं नाव 'मधाचं भोक असलेली सुवर्णचक्कर'. एक चक्कर कॅमेऱ्याला पुरेना म्हणून दोन चकरा झाल्या. ओंब्यांचा कचरा पडायचा म्हणून बर्फ पुन्हा गुळगुळीत करावा लागायचा, त्यात अर्धा तास जायचा, आणि लोक विचार करायचे की आता पार्किंगमधून लवकर निघालेलं बरं. सामना सुरू व्हायच्या वेळी बहुतेक खुर्च्या रिकाम्या. आम्ही हरतो ते बघायला फारसं कोणी नसायचं. तेही क्लबला सोयीचंच पडलं.

प्रोकीला खेळायला कधी उतरवतच नाहीत, हे मला पहिल्यांदा कळलं ते स्केटवरून. बाकीच्यांच्या पात्यांना सामन्यानंतर खाचा पडलेल्या असायच्या. प्रोकीचं पातं हातात घेतलं की माझाच चेहरा दिसायचा.

"वेस, धार लाव ना," तो म्हणायचा.

"कशाला? धार आहे तशीच आहे."

"लाव रे. लावल्यासारखं तरी वाटू दे."

यात सगळ्यात जास्त कोणाचा जीव अडकला असेल, तर त्याच्या वडिलांचा. मिस्टर पी. गुरं आहेत त्यांची. सास्काटूनमधल्या प्रत्येक सामन्याला तीन तास बर्फातून गाडी हाकत यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे, सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं कपात थुंकायचे. महापौर निघून जायचे, लोक निघून जायचे, हे बसलेले. सामना संपला की मला विचारायचे, "उतरला का रे? मी कप रिकामा करायला गेलो होतो, तेव्हा उतरला असेल तर?"

"नाही उतरला, मिस्टर पी."

"गोल गोल फिरताना मी त्याला ट्रॅक्टरवर पण बघितलंय. खेळताना बघायचंय मला." मग टोपी चढवायचे. "फेब्रुवारी संपला की गाई व्यायला लागतील. मग मला गोठ्यातून हलता येणार नाही."

फेब्रुवारी संपत आला. त्यांचा येण्याचा शेवटचा सामना उरला, तेव्हा प्रोकी सरळ ब्लेअरच्या खोलीत गेला. मी बरोबर होतो, हातात त्याचे स्केट, उगाचच.

"मॅडम, मला खेळायचंय."

"अगदी! तुझी ही भूक लोकांना फार आवडते," त्या म्हणाल्या. "बस ना. डोनट घे."

"आज खेळायचंय. डॅड आलाय."

ब्लेअरनी पेन खाली ठेवलं. "डॅरियन, आपल्याकडे आलेले खेळाडू बावीस आहेत. त्यांना कोण विचारतं? येणारा एकच आहे. तू एक शिफ्ट खेळलास की तू आलास. आलास की मग लोक विचारणार, गोल किती केले? चुकला किती? आज तुझ्याकडून किती अपेक्षा आहेत माहितीये?"

"किती?"

"सगळ्या. त्या तशाच राहू देत ना. का वापरून खराब करायच्या?"

प्रोकीने डोनट तसाच परत सरकवला. मला, खरं सांगायचं तर, क्षणभर पटलंसुद्धा. आम्ही कोचकडे गेलो. कोच भिंतीवरच्या पाटीवर बाण काढत होता.

"कोच, मला उतरवा."

"मी?" कोच म्हणाला. "मी फक्त सामना बघतो, बाबा. तू त्याच्या आधीच्या कार्यक्रमात आहेस."

त्या संध्याकाळी दोन चकरा झाल्या. भुवया वर, हीटर, ओंब्या. लोकांनी फोन वर धरले, मग बहुतेक जण गाड्या गरम करायला गेले. सामना सुरू झाला. प्रोकी बाकाच्या टोकाला, हेल्मेट घालून, दारं उघडायच्या कामावर. हॉकीत कोणी सलग खेळत नाही. मिनिटभर जीव तोडून पळायचं, बाकावर यायचं, दुसऱ्याने उतरायचं. दर मिनिटाला त्याच्यासमोरून पाच जण उतरत होते आणि पाच जण चढत होते. तो दार उघडत होता, लावत होता.

शेवटच्या भागात त्याने दार उघडलंच नाही. कठड्यावर हात टेकवला आणि उडी मारली.

आता बर्फावर आमचे पाचाच्या जागी सहा झाले. पंचांना कळायला थोडा वेळ गेला. तेवढ्यात प्रोकीने समोरच्याच्या काठीखालून पक असा काढला, जसा शाळेत माझ्या डब्यातून बटाटा भरलेल्या पेरोगी काढायचा. एकाला डावीकडून, एकाला मधून. तिसरा नुसता बघत राहिला. गोलकीपर त्याच चुकीच्या बाजूला गेला, ज्या बाजूला मी जायचो.

गोल व्हायच्या आतच शिट्टी.

"मॅगपाईजचा एक माणूस जास्त!" पंच ओरडला. "दोन मिनिटं!"

माझ्या मागे एकजण बायकोला विचारत होता, "हा कोण गं?"

"काय माहीत. नवा दिसतोय."

हेल्मेटखाली केस दिसत नव्हते ना. त्याला कोणी ओळखलंच नाही. माईकवाला पण अडखळला.

शिक्षेच्या पेटीत बसावं लागतं, काचेच्या मागे, चुकलेल्या पोरासारखं. लोक तिथे मान खाली घालतात. प्रोकी आत गेला, बसला, घाम पुसला आणि अख्ख्या तोंडाने हसला. कान लाल, हीटर नसताना. वर कोपऱ्यात मिस्टर पी उभे होते. कप कलंडला होता, टरफलं पुढच्या रांगेतल्या माणसाच्या कॉलरमध्ये गेली होती. तो माणूस भांडायला वळला, तर हे त्यालाच हलवून सांगत होते, "माझा पोरगा! शिक्षा झाली त्याला! बघितलंस ना?"

दोन मिनिटं संपली. पेटीचं दार उघडलं की कोचने त्याला बाकावर परत बोलवायचं, असा निरोप आला होता. वरून ब्लेअर हात हलवत होत्या. नेमकी त्याच वेळी कोचला स्वतःच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली. तो खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. प्रोकी सामना संपेपर्यंत खेळला. त्या रात्री त्याच्या पात्यांना खाचा होत्या. मी बोट फिरवून मोजल्या नाहीत, नुसतं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी क्लबने कळवलं, की डॅरियन प्रोकोपचुक यांचं आगमन अपेक्षेपूर्वी पूर्ण झाल्यामुळे त्यांना खालच्या लीगमध्ये पाठवण्यात येत आहे. त्याच दुपारी भिंतीवर नवं पोस्टर लागलं. न्यू ब्रन्सविकचा एक सतरा वर्षांचा पोरगा, पुढच्या वर्षी येणार. केस कुरळे. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. कॉफीच्या रांगेतला तो माझा गडी पहिला होता.

प्रोकी आता कुठल्या तरी छोट्या गावात आहे. बसने जातात, थंड सँडविच खातात, आणि तो रोज खेळतो. काल बसमधूनच फोन केला.

"लिहितोयस म्हणे?"

"लिहितोय. गाईंचं काय?"

"व्यायल्या सगळ्या. एका वासराचं नाव डॅडने 'दोन मिनिटं' ठेवलंय. काय काय लिहिलंस?"

सांगितलं सगळं. केस, ओंब्या, हीटर, बाईंचे डोनट, वासरू.

तो हसला, मग म्हणाला, "आणि त्या सामन्यात कोण जिंकलं?"

मी कागद उलटून बघितले. ते लिहायचंच राहिलं होतं.

"जाऊ दे," प्रोकी म्हणाला. "घालूच नकोस. इथपर्यंत वाचून ज्याला विचारावंसं वाटेल, त्यालाच सांग."

त्याला शब्द दिलाय, की तुम्ही आपणहून विचारल्याशिवाय मी सांगणार नाही. अजून तरी कोणी विचारलेलं नाही.