दाजींनी बसवलेले छर्रे

हिंदुरावांना मुलगी पाहण्यास कुरुळीस जावयाचे होते आणि त्यांच्या सायकलचे हँडल कुरकुरत होते. यापूर्वी दोन ठिकाणांहून त्यांच्या कारखान्यातील नोकरीमुळे त्यांना नकार आला होता. "कारखान्याचा भोंगा आज वाजतो, उद्या वाजेल कशावरून?" असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. सबब या तिसऱ्या स्थळी आपण सायकलवरून दिमाखाने अंगणात उतरावे, म्हणजे मंडळी निरुत्तर होतील, असा त्यांचा मनसुबा होता.

त्यांच्या बहिणीचे यजमान ज्योतीराम हेही पिंपरीच्या त्याच नव्या कारखान्यात यंत्रांना वंगण घालण्याच्या कामावर होते. यंत्र म्हणून जे जे काही आहे ते आपणांस वश आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मोशीतील आपल्या घराच्या पडवीत त्यांनी सायकल भिंतीस टेकवली.

"दाजी, दुकानात नेतो की मी," हिंदुराव म्हणाले.

"दुकानदार घाई करतो. घरच्या माणसाचा हात वेगळा."

त्या हाताने नट सैल होताच पुढचा चिमटा निसटला आणि हँडलाखालच्या वाट्यांतील पोलादी छर्रे वंगणासह ओघळून थेट कुसुमताईंच्या सुपात पडले. ज्योतीरामांच्या या सुशील पत्नी शेजारीच ज्वारी निवडीत बसल्या होत्या. छर्रे व ज्वारी आकाराने जवळजवळ सारखेच. त्यात वंगणाने दाणेही काळे झाले.

"आता ह्यातलं खायचं कुठलं आणि बसवायचं कुठलं, तेवढं सांगा," कुसुमताई म्हणाल्या.

"चकाकतं ते लोखंड."

"सगळंच चकाकतंय. पसाभर वंगण ओतलंय तुम्ही."

हिंदुराव फेटा बांधून येरझारा घालू लागले होते. "दाजी, उन्हं कलली. तिकडं माणसं खोळंबतील."

या घाईत ज्योतीरामांच्या चिमटीत जे आले ते वाटीत गेले. वाट्या गच्च भरल्या, तरी मूठभर माल उरलाच. "बघा," ते समाधानाने म्हणाले, "काढले त्याहून जास्त भरले. म्हणजे दुकानदारानं पहिल्यापासून कमीच घातले होते."

हँडल लोण्यासारखे फिरले. हिंदुराव निघाले.

इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत सर्व ठीक होते. तदनंतर मात्र छर्र्यांत मिसळलेली ज्वारी भरडू लागली. प्रत्येक वळणास थोडे पीठ पडावे, ते वंगणात मळले जावे, असे होता होता कुरुळीच्या अलीकडे हँडलाने वळण्याचेच सोडले आणि हिंदुराव बाभळीच्या कुंपणास जाऊन भिडले. ढकलावी तर सायकल आपल्या मर्जीने बांधाकडे जाई. अखेर निरुपायाने त्यांनी ती खांद्यावर घेतली.

मुलीचे वडील धर्माजी अंगणात घोंगडी अंथरून बसले होते. त्यांनी वर पाहिले.

"पाव्हणं, सायकल बसायची असती का वाहायची?"

हिंदुरावांना इतका दम लागला होता, की मान खाली घालून हात जोडण्यापलीकडे त्यांच्याने काही झाले नाही.

आतून धर्माजींच्या पत्नी गवराबाई म्हणाल्या, "रस्त्याला खडी किती हाय. लोखंडाला बी धूळ लागू दिली न्हाई पोरानं."

"व्हय," धर्माजी म्हणाले, "मागचा पाव्हणा आला, तर घंटी वाजवत सायकल कोंबड्यांवर घातली त्यानं. आन् ह्यो बोलतोय बी कमी."

"वस्तू जपणारा हाय. आपल्या पोरीला बी जपंल."

दम परत येईपर्यंत हिंदुरावांची सोयरीक जुळली होती.

परतल्यावर त्यांनी मोशीच्या पडवीत सायकल खांद्यावरून उतरवली. झाला प्रकार ऐकून ज्योतीराम ओशाळले आणि पाना उचलून पुढे झाले. हिंदुरावांनी त्यांचे मनगट धरले.

"हात लावू नका, दाजी."

"अहो, तासाभराचं काम. आता चुकायचं नाही."

"म्हणूनच. धर्माजी रोज भाजीची गाडी घेऊन ह्याच रस्त्यानं पिंपरीला येतात. लग्न लागेपर्यंत हे हँडल वळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या बऱ्याच आधी हिंदुराव सायकल खांद्यावर घेऊन कामावर निघालेले मोशीकरांनी पाहिले. एरवी त्यांच्या मागे कॅरिअरवर बसून जाणारे ज्योतीराम दोघांचे डबे घेऊन निमूटपणे पायी चालत होते.