आत्ताच उडाला

बायकोच्या दहाव्याला गळ्यात दुर्बीण घालून आलेला माणूस मी एकच पाहिला, आमच्या शेजारचे सबनीसकाका. पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत होतो. एक आला, तर काकांनी दुर्बीण डोळ्याला लावून जाहीर केलं, की हा साधा कावळा नव्हे, डोमकावळा आहे. गुरुजी म्हणाले, शिवू दे, चालतो.

तोवर काका सुट्टीच्या दिवसापुरते पक्षीनिरीक्षक होते, त्यानंतर पूर्णवेळ झाले. थंडी पडली की कल्याणच्या पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर पहाटेच त्यांचा मेसेज येऊन पडतो : ‘खडवली, नदीकाठ. दुर्मीळ पाहुणा. त्वरा करा.’ खाली लोकेशन. लोक बिचारे कानटोप्या चढवून धावतात. काका काठावर उभेच असतात आणि हळहळत सांगतात, “आत्ताच उडाला. पाच मिनिटं आधी यायला हवं होतंत.”

मीही कधी आंबिवलीला, कधी खडवलीला असा धावलो आहे. पक्षी एकदाही दिसला नाही, उपमा मात्र दर वेळी मिळाला. काका मोठा डबा भरून आणतात. त्यात मीठ कमी असतं आणि तो संपेपर्यंत कुणाची सुटका नसते. फोटो मागितला तर म्हणतात, पाहुण्याच्या तोंडापुढे कॅमेरा धरणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

या हिवाळ्यात मात्र ‘लांडगा आला रे आला’ची गत झाली. काकांच्या मेसेजला कुणी अंगठासुद्धा दाखवेना. ग्रुपची अ‍ॅडमिन वैशाली तर त्यांना काढून टाकायलाच निघाली होती. फक्त एकदा रंगेहाथ पकडा, असं तिचं म्हणणं पडलं आणि शेजारी म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं.

रविवारी मेसेज आला. ‘चक्रवाकाची जोडी. खडवली. त्वरा करा.’ मी बाइक काढली आणि नेहमीचा रस्ता सोडून शेतातल्या पायवाटेने नदीवर उतरलो. म्हटलं, आज या थापाड्याला सोडत नाही.

काका नदीकडे पाठ करून उभे होते. शेजारी डबा, थर्मास आणि एकात एक घातलेल्या स्टीलच्या वाट्या. दुर्बीण डोळ्याला होती, पण रोखलेली स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. रस्ता रिकामा होता. दुर्बीण खाली यायची, पुन्हा वर जायची.

आणि त्यांच्या पाठीमागे, पाण्याच्या कडेला, खरोखरच चक्रवाकाची जोडी चरत होती. भगवी, ठसठशीत, नुसत्या डोळ्यांनी दिसावी अशी. थाप खरी झाली होती आणि मारणाऱ्यालाच तिचा पत्ता नव्हता. मला फार वाईट वाटलं. इतका वेळ जपून आणलेला राग कुठे ठेवावा ते कळेना.

मी हाक मारली. काका वळले. त्यांची नजर माझ्यापलीकडे गेलीच नाही.

“आलास?” ते म्हणाले. मग सवयीने चेहरा पाडून, “अरे, आत्ताच उडाले. पाच मिनिटं आधी यायला हवं होतंस.”

“उशीरच झाला, काका,” मी म्हटलं आणि वाटी पुढे केली.

ते उपमा वाढत असताना मी हळूच जोडीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला : ‘सबनीसकाकांचे चक्रवाक. अजून आहेत. या.’

आमचा चहा होईतो रस्त्यावर दोन स्कूटर दिसल्या, मागून एक रिक्षा. उपमा पुरेल ना रे, असं काकांनी मला विचारलं. मग गळ्यातली दुर्बीण काढून बाजूला ठेवली आणि वाट्या पुसायला घेतल्या.