धनीरामची विलायती सायकल

पैज लागली ती नत्थूच्या ओसरीवर, आणि तिला कारण झाला टेकचंदचा स्वभाव.

टेकचंद म्हणजे गावातला अव्वल नंबरचा खोडकर. वय बेचाळीस, मिशीत चार पांढरे केस, पण अंगातला वांडपणा अजून चड्डीतल्या पोराचा. मागच्याच महिन्यात त्यानं शेजारच्या नत्थूच्या म्हशीच्या गळ्यात शाळेची घंटा बांधली होती. म्हैस चरायला निघाली आणि शाळा सुटली. गुरुजी धावले, पोरं धावली, म्हैसही धावली. तेव्हापासून नत्थू डूख धरून बसला होता.

त्या सकाळी चहा पिता पिता टेकचंद म्हणाला, "आमच्या माळ्यावर बाबाची सायकल पडून हाय. अस्सल विलायती. आताच्या सायकली तिच्यापुढे म्हणजे पापड."

नत्थूनं कप खाली ठेवला. "धनीकाका पोळ्याच्या दिवशी बैलासंगं भंगार रंगवत होते, तेच का?"

"तेच. बाबा वरठीच्या स्टेशनवर हमाल होते. गोरा साहेब मायदेशी जाऊन राहिला होता, त्यानं जाताना दिली."

"दिली, का साहेब झोपला होता?"

ओसरीवरची माणसं हसली. टेकचंद हसला नाही. जगातल्या कुठल्याही गोष्टीची तो टिंगल करायचा, पण ही एक गोष्ट सोडून. धनीरामनं ही साहेबाची हकिकत गावाला शंभरदा सांगितली होती, आणि गावानं शंभरदा समोर मान डोलवून मागे तोंड दाबलं होतं. म्हातारा मरून चार वर्षं झाली तरी कोणी थापा मारायला लागला की लोक म्हणत, आला बा धनीरामचा साहेब. टेकचंदला ते काट्यासारखं रुतायचं.

"लाव शर्त," तो म्हणाला.

नत्थू तयारच होता. ठरलं ते असं. लाखनीचा डोमा मिस्त्री म्हणेल ते खरं. डोमानं पस्तीस वर्षं सायकली खोलल्या होत्या. नुसत्या खडखडाटावरून तो सायकलीचं गाव सांगायचा. बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानासमोर सायकल उभी करायची. जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याला त्याच सायकलच्या मागं बसवून सगळा बाजार फिरवायचा आणि दर दुकानापुढे थांबून आपण खोटे ठरलो असं मोठ्यानं सांगायचं. हातात सहा दिवस होते.

टेकचंद आधी डोमाला विचारून आला. मिस्त्री म्हणाला की चाक, हँडल, सीट हे सगळं बदलत असते, त्याचं काही खरं नाही. सायकल म्हणजे फ्रेम. पुढचा पितळी बिल्ला असला तर प्रश्नच नाही. बिल्ला नसेल तर सीटचा दांडा फ्रेमीत घुसतो तिथं कंपनीनं ठोकलेली अक्षरं आणि नंबर सापडतात. त्यावरून तो विलायतीला विलायती म्हणेल. "रंग काढजो, पण तिथं नुसतं घासलेट आणि फडकं. दुसरं काही लावजो नोको."

टेकचंदनं मान हलवली आणि घरी येऊन सायकल माळ्यावरून उतरवली.

ती सायकल होती की तेरड्याचं झाड, हे सांगता येत नव्हतं. धनीरामचं म्हणणं असं, की बैल वर्षभर ओझं ओढतात तशी सायकलही ओढते. मग पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला रंग तिच्यावर तिचाच. दरसाल एक थर. लाल खरवडला की खाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पुन्हा लाल. टेकचंद खरवडत होता आणि बायको निर्मलाबाई शेजारी तांदूळ निवडत साल मोजत होती. हा निळा म्हणजे ढवळ्या-पवळ्या घेतले ते साल. हा गुलाबी म्हणजे रंग संपला आणि तिच्या सासऱ्यानं लुगड्याचा रंग कालवला ते साल. पुढचा बिल्ला केव्हाच गळून गेलेला, तिथं नुसती दोन भोकं. पण तिसऱ्या दिवशी दुपारी काळी फ्रेम उघडी पडली, आणि तिच्यावर सोनेरी रेघ. बारीक, सरळ, जणू कालच ओढली.

सीटखालचा नंबर पाहायचं सोडून टेकचंदनं सायकल अंगणात उलटी उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून रेघ दाखवायला सुरुवात केली. तिथंच घात झाला.

पहिला आला गुलाब. त्यानं रेघ पाहिलीच नाही. तो हँडलकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे तर आमचं हाय."

खरंच होतं. गुलाबच्या बापाची सायकल हायवेवर ट्रकखाली गेली तेव्हा तेवढं हँडल वाचलं होतं, ते त्यानं धनीरामला दिलं होतं. गुलाब गेला आणि मालनबाई आली. घंटी तिच्या नवऱ्याची. संध्याकाळपर्यंत अंगणात गर्दी झाली. कोणाचं पेडल, कोणाची सीट, कोणाचा मागचा कॅरिअर. त्याचं असं होतं, की पंचक्रोशीत ती एकच चालती सायकल होती. बाळंतीण न्यायची असो, तार द्यायची असो, भंडाऱ्याहून औषध आणायचं असो, धनीराम निघायचा. सायकलीची एखादी वस्तू मोडली की ज्याच्या घरी ती पडून असे तो आणून द्यायचा. एक म्हातारा तर चाकाच्या नुसत्या दोन तारांवर हक्क सांगायला आला होता. त्यानं मोजून त्या दोनच तारा दाखवल्या.

ऐकून टेकचंदची छाती फुगली, पण फार वेळ नाही. कारण आता ज्याला त्याला आपापली वस्तू बापाची आठवण म्हणून घरी हवी होती. गुलाबनं तर पाना आणला होता. बाजाराला तीन दिवस, आणि सायकलीची अशी वाटणी झाली तर नत्थू आपल्याला काय फ्रेमीवर बसवणार?

मग त्याच्या सुपीक डोक्यात युक्ती आली. लग्नाच्या पंगतीला सगळ्या गावची भांडी एका मांडवात जातात आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याच्या घरी परत येतात. कशी? नावावरून. गंजावर नाव, पराती‌वर नाव, पळीवरसुद्धा नाव. नाव असलं की वस्तू कुठंही असो, ती आपलीच.

"वस्तू माह्या सायकलवर राहीन," त्यानं जाहीर केलं, "नाव तुमचं राहीन."

लोकांना पटलं. गुलाबनं पाना कमरेला खोवला.

भांड्यांवर नावं घालणारा इश्वर दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन आला. हँडलवर गुलाबच्या बापाचं नाव पडलं. घंटीवर मालनबाईच्या नवऱ्याचं. कॅरिअरवर, पेडलवर, सीटखालच्या स्प्रिंगच्या पट्टीवर. तारांवर मात्र इश्वरनं हात जोडले. म्हातारा रुसला, त्याचं नाव चाकाच्या नटाशेजारी बसवून समजूत घालावी लागली. अंगणात टकटक टकटक, निर्मलाबाईचा चहा, आणि जो तो आपलं नाव बरोबर निघालं का म्हणून वाकून पाहतोय. सायकल नव्हे, आहेराची भांडीच मांडली होती.

शेवटी निर्मलाबाई म्हणाली, "अजी, सगळ्यांची नावं झाली. मामाजीचंच नाही."

टेकचंद चपापला. बापाची सायकल, आणि बापच बाहेर. तो इश्वरला म्हणाला, "बाबाचं नाव सगळ्यात ठळक. मानाची जागा पाहून घाल." आणि तो गुलाबला आत्ताच आठवलेली साहेबाची हकिकत नव्यानं सांगायला ओट्यावर गेला. ती हकिकत लांब होती. साहेब, मेमसाहेब, त्यांचा कुत्रा, सगळे होते. सांगून परत आला तोवर इश्वर सामान गुंडाळून दुसऱ्या गावाला गेला होता आणि निर्मलाबाईनं कौतुकानं सायकलवर धुतलेलं लुगडं झाकलं होतं. बाजाराच्या दिवशी हळद-कुंकू वाहूनच ते काढायचं, असं तिनं बजावलं. टेकचंदनं मान्य केलं. त्यानं लुगड्याखालून हात घालून तेल दिलं, चाक फिरवून पाहिलं. चाक फिरलं ते थांबायचं नाव घेईना.

बाजाराच्या दिवशी डोमाच्या दुकानासमोर अर्धं गाव जमलं. नत्थू पांढरा पायजमा घालून आला होता. निर्मलाबाईनं कुंकू लावलं, लुगडं काढलं, आणि काळी फ्रेम, सोनेरी रेघ, चकचकीत हँडल उन्हात असे चमकले की खुद्द डोमा दोन पावलं मागं सरला. त्यानं चाक फिरवलं, दांडा वाजवून पाहिला, रेघेवर नख फिरवलं. "चीज तर भारी दिसते," तो म्हणाला. नत्थूचा चेहरा उतरला. टेकचंदनं मिशीवरून हात फिरवला.

डोमानं चष्मा लावला आणि सीटखाली वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"काय लिहिलं हाय, मिस्त्री?" टेकचंदनं विचारलं.

"लिहिलं तर हाय. ठळक लिहिलं हाय."

"मग वाचा की मोठ्यानं. नत्थूले ऐकू येऊ द्या."

डोमानं वाचलं, "कैलासवासी धनीराम यांचे स्मरणार्थ."

इश्वर चार दुकानं सोडून एका परातीवर नाव घालत बसला होता, त्याला धरून आणलं. तो भांबावला. त्यानं सांगितलं की मानाची जागा त्यानं नीट शोधली होती. फक्त तिथं आधीच कोणीतरी काहीबाही खरडून ठेवलं होतं, म्हणून अर्धा तास कानस मारून त्यानं ती सपाट केली. त्या कानशीची मजुरीसुद्धा त्यानं लावली नव्हती.

"खरडलं काय होतं, सांग ना बे," टेकचंद काकुळतीला आला.

"मले काय माहीत? मराठी नव्हतं."

बुडणाऱ्याला ओंडका मिळावा तसा टेकचंद नत्थूकडे वळला. "ऐकलं का? मराठी नव्हतं."

"तुह्या बैलाच्या शिंगावर बी मराठी नसते," नत्थू म्हणाला. "तो काय विलायती झाला?"

डोमानं चष्मा काढून खिशात ठेवला. त्याला वाईट वाटत होतं, पण इंग्रजी अक्षरं देशी सायकलवरही असतात आणि नंबराशिवाय तो कोणालाच विलायती म्हणत नसे. बिल्ला नाही, नंबर नाही. शर्त टेकचंद हरला.

टेकचंदनं एकदा बापाच्या नावाकडे पाहिलं. अक्षरं झाली होती मात्र देखणी. मग त्यानं पायजम्याची नाडी आवळली, सीटवर बसला आणि नत्थूला म्हणाला, "बस."

पहिलं दुकान तेलाचं. टेकचंद मान खाली घालून पुटपुटला की माझ्या बापाची सायकल देशी आहे आणि नत्थूभाऊ खरं बोलले. नत्थूनं ते पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं. दुसरं दुकान बांगड्यांचं. तिथं मालनबाई आडवी आली. घंटी तिच्या नवऱ्याची, तेव्हा ती तिनंच वाजवली, आणि बांगडीवालीला नाव वाचून दाखवलं. तिसऱ्या दुकानाशी गुलाब उभा होता, कोंढ्याहून आलेल्या व्याह्याला घेऊन. व्याह्यानं हँडलवरचं नाव वाचलं, वाकून नमस्कार केला आणि मागं बसलेल्या नत्थूला आदरानं विचारलं, "तुमचं नाव कुठं हाय जी?"

"मी जिंकलो हाय," नत्थू म्हणाला.

"ते बराबर हाय. पण नाव कुठं?"

मिरचीवाली, मीठवाला, चपलांचं दुकान, सगळीकडे हेच. गावातली माणसं आपापल्या पाहुण्यांना खेचून आणत होती. धनीरामनं रात्रीतून कुणाला दवाखान्यात पोचवलं, कुणाचं तांदळाचं पोतं पुरातून काढलं, हे सांगण्यासाठी लोक सायकल अडवत होते. टेकचंदची मान दुकानागणिक वर येत गेली. आठव्या दुकानाशी तर तो गरजला, "माह्या बापाची सायकल देशी हाय," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाची आठवण त्याला राहिलीच नव्हती.

शेवटच्या दुकानाशी शर्त फिटली. नत्थू उतरला, पण जाईना. पायानं माती उकरत राहिला.

"टेकचंद, मागच्या चाकाले जागा दिसून राहिली."

"भंगार हाय ते. तूच म्हणे."

"भंगार असन. पण तीस वर्षं धनीकाकानं आमच्याच घरच्या पंपानं हवा भरली. चाकातली हवा आमची हाय."

दुसरा कोणी असता तर टेकचंदनं त्याची बाजारभर धिंड काढली असती. पण आज तो राजा होता. त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि इश्वरला बोलावलं. नत्थूनं जागा स्वतः दाखवली: हवा जिथून आत शिरते, अगदी त्या तोंडाशी. इश्वर मांडी घालून बसला. छिन्नी टेकवली, हातोडी उचलली. पहिला घाव, दुसरा घाव. गंजकी रिमच ती, तिसऱ्या घावाला छिन्नी आरपार गेली, आणि नत्थूच्या घरची हवा सगळ्या बाजारासमोर फुस्स करून निघून गेली.

घरापर्यंतचा दीड कोस दोघं पायी आले. हँडल हरलेल्याच्या हातात होतं, आणि मागून वाकून ढकलत होता जिंकलेला. त्याच्या नावाचा रिमवर नुसता 'न' उमटला होता.