साडेतीन घरे

बावीस वर्षांत माझ्या पानावर एकही शुद्धिपत्र छापलं गेलेलं नव्हतं! ही बढाई नाही, नोंद आहे. बेळगावातल्या एका मराठी दैनिकाचं वाचकांच्या पत्रांचं पान मी सांभाळतो. आलेलं पत्र मी कधी टोपलीत टाकत नाही. छापण्यासारखं असेल तर छापतो. नसेल तर लाल शाईनं शेरा मारून, खाली सही करून पोस्टानं परत पाठवतो. वाचकाला आपली चूक कळायला नको का?

गेलं वर्षभर मात्र एका शब्दानं माझा पिच्छा पुरवला होता. वर्णद्वेष! आमच्या सीमाभागात आरोप कसा करावा हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण पूर्वी निदान प्रत्येक भांडणाला वेगळा आरोप असायचा. आता सगळ्यांना मिळून हा एकच. चिकोडीच्या एका गृहस्थांच्या गल्लीत पिवळे दिवे लागले आणि शेजारच्या गल्लीत पांढरे, म्हणून वर्णद्वेष! निपाणीच्या एका लग्नात वरपक्षाच्या पंगतीला आधी वाढलं, म्हणून वर्णद्वेष! एका कंत्राटदारांचं टेंडर नाकारलं, तेही म्हणे त्याच कारणानं. गृहस्थ दुधाच्या पिशवीइतके गोरे!

ऑफिसचं सोडा, घरीही सुटका नव्हती. कंपाउंडच्या भिंतीला मी माझ्या बाजूनं चुना दिला आणि शेजारच्या नागोजीरावांची बाजू तशीच राहिली, तर ते गेटवर उभे राहून ओरडले, "सुहासराव, ह्यो सरळसरळ वर्णद्वेष हाय!"

"नागोजीराव, ती भिंत आहे!"

"भितीला काय रंग नसतोय व्हय?"

माझं मत असं, की असा शब्द म्हणजे शहर बसचा ब्रेक. उगीच दाबत बसलं की ऐन उतारावर तो लागत नाही. म्हणून मी ऑफिसात नियमच केला. पुराव्याशिवाय हा शब्द बातमीत घालील त्यानं सगळ्या डेस्कला कुंदा, आमची बेळगावी मिठाई, आणायचा! पूर्ण एक किलो! आमच्या विक्रम नावाच्या बातमीदारानं पहिल्याच आठवड्यात दोन किलो आणला. एक चुकीबद्दल आणि दुसरा, "सर, हा नियम म्हणजेच वर्णद्वेष आहे" असं म्हटल्याबद्दल. पत्रलेखकांकडून कुंदा वसूल करता येत नाही, म्हणून त्यांची पत्रं मी "शब्द झिजला आहे. पुरावा?" असा शेरा मारून परत धाडू लागलो. महिन्याभरात इतकी धाडली, की दोन ओळींत शब्द दिसला की तिसरी वाचायचीही गरज उरली नाही.

आता त्या रविवारचं.

खासबागेतल्या आमच्या घराची माडीवरची खोली रिकामी होती. मी आमच्याच पेपरात छोटी जाहिरात दिली. शुक्रवारी एका मुलीचा फोन आला. नाव रूपाली, गाव खानापूर तालुक्यातलं, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून सोमवारी रुजू होणार होती. काय तिचं मराठी! स्वच्छ, ठसठशीत, एकही शब्द वाया नाही.

"अण्णा, खोली नक्की ना? मग मी सामान घेऊनच येते. आधी लई हेलपाटे झालेत."

"अगदी नक्की! रविवारी दहाला ये."

मी फोन ठेवून बायकोला म्हटलं, "लतिका, भाडेकरू असा बोलण्यावरून ओळखावा."

रविवारी दहाला पाच मिनिटं असताना बेल वाजली. दारात एक मुलगी उभी. काळीसावळी नव्हे, चांगली काळी. केस बारीक कुरळे, खांद्याला मोठी बॅग, पायाशी ट्रंक. मी तत्काळ ताडलं. मेडिकलला परदेशातून पोरं येतात, त्यातली ही! माझी जाहिरात कुणीतरी हिला इंग्रजीत समजावून सांगितली असणार.

"सॉरी," मी सावकाश म्हणालो. "रूम फिनिश. ऑलरेडी गिव्हन. खानापूर गर्ल."

"अण्णा, ती मीच—"

"अरे वा! मराठी!" मी थक्कच झालो. "लतिका, बाहेर ये! ही बघ किती सुंदर मराठी बोलते! किती महिने लागले गं शिकायला?"

"चोवीस वर्षं झाली," ती म्हणाली.

"महिने म्हणायचंय तुला. चोवीस महिने. तरी कमालच!"

एवढ्यात कंपाउंडवरून नागोजीरावांचं डोकं वर आलं आणि मागोमाग उरलेले नागोजीराव गेटातून आत आले. "पावणी कुठली म्हणायची? यू... विच कंट्री?"

"खानापूर," ती म्हणाली.

"खानापूरबी बघून आलीस? लई फिरलीस की गं!" त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "एक फोटू काढू या. सुहासराव, तुम्ही जरा बाजूला व्हा, फॉरेनची पावणी मधी पायजे."

मुलीनं माझ्याकडे बघितलं, नागोजीरावांकडे बघितलं, मग ट्रंकेकडे बघितलं. चेहऱ्यावर बस चुकलेल्या माणसाचा भाव होता. पण आजची नव्हे, रोजच चुकणारी बस.

"खोली दुसरीला दिली म्हणता?"

"हो ना. वाईट वाटून घेऊ नकोस. कसं असतं, लोकल मुलगी असली की घरच्यांनाही बरं पडतं. सवयी जुळतात."

"बरं," ती म्हणाली. "मग मी बसू का जरा? बघते तरी, लोकल कशी असती ती."

पाहुणचारात आम्ही कमी पडणारी माणसं नव्हे! मी तिला सोफ्यावर बसवलं; समोरच्या खुर्चीत नागोजीराव न बोलावताच बसले. लतिका उप्पिटाची बशी घेऊन आली आणि माझ्या कानाशी लागली, "अहो, हिला तिखट चालेल का? मी मिरच्या वेचून काढल्यात."

"आक्का," मुलगी म्हणाली, "त्या वेचलेल्या मिरच्या वाया घालवू नका. इकडं द्या."

तिनं दोन मिरच्या उप्पिटाबरोबर कचाकचा खाल्ल्या. नागोजीरावांच्या डोळ्यांना तिकडे पाणी आलं.

"बघ, परक्या मुलखात माणसं किती जुळवून घेतात!" मी म्हणालो. पण लतिका जागची हलली नाही. ती मुलीकडे जरा रोखूनच बघत होती.

खानापूरच्या रूपालीचा अजून पत्ता नव्हता. मोकळा वेळ आणि समोर श्रोता, त्यामुळे मी माझ्या आवडत्या विषयावर आलो. पिवळे दिवे सांगितले, लग्नाची पंगत सांगितली, कुंद्याचा नियम सांगितला, लाल शाईचे शेरे सांगितले. "तुमच्या देशांत खराखुरा वर्णद्वेष सोसलेली माणसं आहेत. इथं मात्र शब्दाचं पायपुसणं केलंय लोकांनी! मी म्हणतो, आधी पुरावा दाखवा."

"भितीचं सांगितलासा का?" नागोजीराव मधेच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

"मग खरा वर्णद्वेष दारात आला, तर तुम्ही वळखणार कसा अण्णा?" मुलीनं विचारलं.

"बावीस वर्षं डेस्कवर काढलीत! वासानं ओळखीन!"

साडेदहा वाजले. माझा वक्तशीरपणा आता दुखावला जाऊ लागला. "ही खानापूरवाली काही खरी नाही. फोनवर एवढं गोड बोलली आणि आता बघा! थांब, विचारतोच तिला." मी मोबाइल काढून नंबर लावला.

सोफ्यावरच्या बॅगेत फोन वाजला.

मी कट केला. बॅग गप्प झाली. मी पुन्हा लावला. बॅग पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा लावणार तोच मुलीनं शांतपणे फोन काढून कानाला लावला. "बोला अण्णा. आलीय मी. दहाला पाच कमी असतानाच आलते."

मला तिचा आवाज दोन्ही कानांत ऐकू येत होता.

आता सांगायला लाज वाटते, पण खानापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले आणि ते इथलेच झाले, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्यावर आमच्या पेपरानं दोन रंगीत पुरवण्या काढल्यात. दोन्हींचं संपादन मी केलंय! दुसरीचं शीर्षक होतं 'आपलीच माणसं'.

"मी वर्णद्वेषी नाही!" मी ओरडलो.

"कुणी म्हटलं?" लतिका म्हणाली. "आरोप यायच्या आधीच खुलासा छापलात!"

"मला वाटलं की..."

"काय वाटलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलंय. तिनं दारातच सांगितलंवतं, 'ती मीच'. तुम्ही बोलायला दिलंत का?"

नागोजीरावांनी फोटो पुसायला मोबाइल काढला आणि गडबडीत आणखी एक काढला.

रूपाली सिद्दीनं बॅगेतून एक पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं. आमच्या ऑफिसचं पाकीट. आत तिचंच पत्र, सुरेख अक्षरात. "वर्णद्वेषामुळे मला खोली मिळत नाही" अशी सुरुवात होती. तिसऱ्या ओळीपासून पुढे तीन घरांची हकिकत होती. तिन्ही घरांनी फोनवर होय म्हटलं, दारात तिला बघितलं आणि खोली गेली असं सांगितलं. तिघांच्याही दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे आठवडाभर तशीच होती. तारीख होती, वेळ होती, पाटीचे फोटोही पिनेनं जोडले होते. एवढं पक्कं पत्र बावीस वर्षांत माझ्याकडे आलं नव्हतं.

त्यावर लाल शाईत आडवा शेरा होता. "शब्द झिजला आहे. पुरावा?" खाली माझी सही. झोकदार!

"पुरावा जोडलाता अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही तिथंवर पोचला न्हाईसा."

 उद्या सकाळी सातला तिची पहिली ड्यूटी, हातात ट्रंक, आणि ती चौथ्या घरातून बाहेर पडणार होती. तेही माझ्या! "मग आता... पत्रात चौथं घर घालणार?"

तिनं खरोखर विचार केला. 

"न्हाय," ती म्हणाली. "त्या तिघांनी मला बघून न्हाय म्हटलं. तुम्ही तर मला बघितलंबी न्हाय, ऐकलंबी न्हाय. नुसतं बोलत बसला. तुम्हाला तो शब्द लावला तर उगीच झिजायचा. आणि तुमच्या नियमानं मलाच कुंदा आणाय लागंल."

"मग मला म्हणायचं तरी काय?"

"ते तुम्ही शोधा. लाल शाई तुमच्याकडं हाय."

लतिकानं मधेच माडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. "रूपाली, चल वर. पाण्याची मोटर कशी लावायची दाखवते. आणि अहो, ती ट्रंक आणा."

ट्रंक मी उचलली. विटा भरल्यासारखी जड होती. नागोजीराव हात लावतील म्हणून मी बघितलं, तर ते म्हणाले, "माझ्या बाजूच्या भितीला चुना दिला असता, तर आलो असतो."

सोमवारी मी ऑफिसात एक किलो कुंदा नेला. विक्रमचे डोळे चमकले. "सर! तुम्ही? कुणावर खोटा आरोप केलात?"

"खरा होता, तो परत पाठवला. खा मुकाट्यानं."

मंगळवारी मी ते पत्र पानाच्या डोक्यावर छापलं. एक शब्द कापला नाही. शीर्षक स्वतः दिलं, 'फोनवर होय, दारात नाही: तीन घरांचा अनुभव'. पाटीचे फोटो लावले. दुपारपर्यंत सतरा फोन आले आणि एकानंही 'हे नेहमीचंच' म्हटलं नाही. मी खूश! त्या शब्दाचा ब्रेक अजून लागत होता; ड्रायव्हरच पेंगत होता, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी जिन्यात मंगळवारचा अंक घडी घालून ठेवलेला सापडला. ड्यूटीला जाताना रूपालीनं ठेवला होता. शीर्षकातल्या 'तीन'भोवती लाल शाईचा गोल. बाजूला शेरा:

"विचार केला. साडेतीन. पुरावा खाली राहतो."

आणि खाली सही. झोकदार!

बावीस वर्षांचा विक्रम होता माझा. पण नियम तो नियम. गुरुवारच्या अंकात, पानाच्या तळाशी, सापडेल न सापडेल इतक्या बारीक अक्षरात चौकट छापली: "मंगळवारच्या पत्राच्या शीर्षकात 'तीन घरांचा' ऐवजी 'साडेतीन घरांचा' असे वाचावे."

एवढं बारीक कोण वाचणार! मी दात घासत अंगणात उभा होतो, तेव्हा कंपाउंडवरून नागोजीरावांचं डोकं वर आलं. हातात पेपर, डोळ्यांवर चष्मा.

"सुहासराव, तीन घरं समजली. ह्ये अर्धं कुणाचं असंल हो?"

मी चूळ न भरताच मोटर बंद करायला आत पळालो. मोटर चालू नव्हती.