रणधीर बिबट्याची गाडी आणि आतल्या बाजूचा तडा

एका जंगलात, मुलांनो, नुकताच डांबरी रस्ता झाला होता. रस्ता झाला म्हणून गाड्या आल्या, गाड्या आल्या म्हणून खड्डे आले. ही गोष्ट त्यानंतरची आहे.

त्या जंगलात रणधीर नावाचा बिबट्या राहायचा. त्याने लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली. ती इतकी बुटकी होती की बसताना आधी शेपटी आत घ्यावी लागे, मग उरलेला बिबट्या. चाकं अलॉयची, चांदीसारखी चकाकणारी.

बिबट्याला गाडी कशाला, असं तुम्ही विचाराल. पायी येणारा बिबट्या दिसला की जनावरं पळून जायची. गाडीतला बिबट्या दिसला की थांबून बघायची. हा फरक रणधीरला फार आवडला होता.

त्याच्या भाचीचं, शलाकाचं, लग्न ठरलं. मांडव घाटाखाली नदीकाठी पडायचा होता. नवरी मामाच्या गाडीतून येणार, असं रणधीरने सगळ्यांना सांगून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं, त्यांनाही सांगितलं.

लग्न तोंडावर आलं असताना गाडी एका खड्ड्यात आदळली. खड्डा पानांनी झाकलेला होता. आवाज मोठा झाला, पण गाडी चालू राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा डावा टायर बसलेला होता. हवा भरली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला.

तेव्हा रणधीर केरबा अस्वलाकडे गेला. केरबाचं गॅरेज होतं, आणि तो रणधीरचा लहानपणापासूनचा दोस्त. केरबाने चाक काढलं, त्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिथून बारीक बुडबुडे येत होते. रिमला तडा गेला होता.

वेल्डिंग करून दे, असं रणधीर म्हणाला. केरबाने नकार दिला. घाटातल्या वळणावर सगळा भार याच चाकावर येतो, तिथे जोड टिकणार नाही, नवीन चाकच घालावं लागेल, असं त्याने समजावलं. नवीन चाक समुद्रापलीकडून यायचं होतं. ते येईपर्यंत लग्न होऊन गेलं असतं.

रणधीरने चाक उलटं करून बाहेरची बाजू वर आणली. मग त्याने विचारलं, "बाहेरून दिसतो का?"

"बाहेरून नाही दिसत."

"मग झालं तर."

केरबाने पाना खाली ठेवला. "रणधीर, शलाकाला पायवाटेने ने. वाटल्यास मी उचलून आणतो. पण या गाडीत तिला बसवू नकोस."

रणधीरला राग आला. एवढ्या वर्षांच्या दोस्ताला आपली गाडी बघवत नाही, असं त्याला वाटलं. चाक बसवून घेऊन तो थेट विश्वंभर कोल्ह्याकडे गेला. विश्वंभरने पाणवठ्याजवळ चाकांचं ब्यूटी पार्लर काढलं होतं. त्याने तड्यावर वेल्डिंग फिरवलं, वरून चंदेरी रंग मारला आणि चाकाला अत्तरही लावलं. चाक नव्याहून नवं दिसायला लागलं.

घरी आल्यावर बायकोने, मंजिरीने, विचारलं, "अहो, चाक केरबाभाऊजींना दाखवलंत ना?"

"दाखवलं," रणधीर म्हणाला. हे खरंच होतं. मंजिरीचा जीव भांड्यात पडला.

लग्नाच्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. मागे शालू नेसून शलाका बसली. वऱ्हाड पायवाटेने निघालं होतं. घाट उतरताना पुढून टक टक असा आवाज येऊ लागला. शलाका म्हणाली, मामा, काहीतरी वाजतंय. रणधीरने सनईची कॅसेट मोठी केली.

तिसऱ्या वळणावर चाक फुटलं. गाडी रस्ता सोडून घाणेरीच्या झुडपांत घुसली आणि एका अंजनाच्या झाडाला टेकून थांबली. झाडाच्या पलीकडे दरी होती. रणधीरने मागे वळून पाहिलं. शलाका सीटला घट्ट धरून बसली होती. तिच्या कपाळावरून रक्त येत होतं. केरबाचा शब्द न् शब्द रणधीरला आठवत होता.

पायवाटेवरून सगळ्यांत आधी धावत आला तो केरबाच. त्याने शलाकाला पाठीवर घेतलं आणि उरलेला घाट उतरून मांडवात नेऊन पोचवलं. मुहूर्त टळता टळता राहिला. कपाळाला पट्टी, तिच्यावर मुंडावळ्या, अशी नवरी उभी राहिली. मामा लंगडत लंगडत तिच्या मागे उभा राहिला. त्याने मनाशी ठरवलं, जेवणं आटोपली की केरबाचे पाय धरायचे.

पण मुलांनो, जेवणं आटोपायच्या आधीच पंगतीत चर्चा सुरू झाली. एवढी भारी गाडी, तिचं चाक फुटेल कसं? विश्वंभर कोल्हा जिलेबी खात होता. त्याने हळूच विचारलं, ते चाक आधी कोणी उघडलं होतं का.

सगळे रणधीरकडे बघू लागले. केरबा दूर पाणी वाढत होता. रणधीरने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पानाकडे.

"केरबाने उघडलं होतं," तो म्हणाला.

हेही खरंच होतं. पुढचं काही तो बोलला नाही, आणि पुढचं कोणी विचारलंही नाही. पंगत उठेपर्यंत अस्वलाने चाक बिघडवल्याची बातमी जंगलभर झाली. शलाकाच तेवढी उठून मामासमोर आली आणि म्हणाली, "मामा, आवाज मीही ऐकला होता." मग ती सासरी गेली, आणि पुन्हा मामाकडे आली नाही.

केरबाच्या गॅरेजकडे कोणी फिरकेनासं झालं. शेवटी त्याने ते बंद केलं आणि मध विकायला बसला. मधाला तडे जात नाहीत, असं तो म्हणतो. शलाका आणि तिचा नवरा मध त्याच्याकडूनच नेतात.

रणधीरचं नवीन चाक आलं. ते विश्वंभरने बसवलं आणि त्यालाही अत्तर लावलं. पुढे अपघाताचा अनुभव असल्यामुळे रणधीरला रस्ता सुरक्षा समितीचं अध्यक्ष करण्यात आलं. तो फार छान भाषण करतो. फक्त घाट उतरायचा असला की पायवाटेने जातो, आणि कोणी विचारलं तर व्यायाम म्हणून सांगतो.

तात्पर्य : तोंडावर खरं सांगणारा एक तरी मित्र जवळ असावा. अपघात झाल्यावर दोष कोणाला द्यायचा, हे शोधत बसावं लागत नाही.